सगळ्यांना विचारणारे बेकरीवाले चाचा

गिऱ्हाइकाचं ऐकून मोठे झालेले दुकानदार मेहकरात पुष्कळ असतील. सगळ्यांचं ऐकून दुकान बंद करावं लागलेला माणूस मी एकच पाहिला. आमच्या समोरचे बेकरीवाले चाचा. त्यांच्याकडून पाव घेणं सोपं नव्हतं. कालचा कसा होता हे सांगितल्याशिवाय आजचा मिळत नसे, आणि नुसतं चांगला होता म्हणून सुटका नसे. एका निवृत्त मास्तरांनी टोस्ट दाताला लागतो म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी टोस्ट मऊ. मग एसटीचे ड्रायव्हर कुरकुरले, चहात बुडवला की तळाशी जातो. चाचांनी दोन डबे केले, एक दातवाल्यांचा, एक बिनदातांचा, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून झाकण उघडू लागले. दिवाळीआधी आम्ही बाया रवा, मैदा, तूप, साखर घेऊन नानखटाई भाजून घ्यायला जायचो. प्रत्येकीचा ट्रे वेगळा, त्यावर नावाची चिठ्ठी; चाचा एकीचं तूप दुसरीच्या ट्रेला लागू देत नसत.

भट्टी लाकडाची, आणि धूर थेट आमच्या घरात. सासूबाईंना दमा. मी आडवळणानं बोलत नाही. जाऊन सांगितलं, की म्हातारीला श्वास घेता येत नाही. चाचांनी गल्लीतली अकरा घरं फिरून धुराबद्दल विचारलं आणि महिन्याभरात भट्टी पाडून विजेची मशीन आणली. विचारायचे राहिले ते भट्टीवरचे दोघे कारागीर. उभा जन्म हाताच्या अंदाजानं आच सांभाळलेली माणसं. बटणांपुढे नुसती उभी राहायची. शेवटी दोघेही खामगावला निघून गेले. नानखटाई कधी कच्ची, कधी करपलेली निघू लागली, आणि पहिली चव नाही म्हणत आम्ही बाया डबे घेऊन दुसरीकडे जाऊ लागलो. मीसुद्धा.

यंदा दुकान बंद झालं. शटर ओढलं त्या दिवशी मी गेले आणि म्हटलं, "चाचा, माझं ऐकायला नको होतं."

"तुमचं ऐकलं त्याचा अफसोस नाही, ताई. त्या दोघाइले काऊन नाही इचारलं, हेच डोक्यात फिरून राह्यलं. घरचेच व्हते न, म्हून इचारलंच नाही."

सासूबाईंचा दमा आता पुष्कळ कमी आहे. खिडकी दिवसभर उघडी असते. परवा त्या तिथं बसून बराच वेळ समोर बघत होत्या. मग म्हणाल्या, "धूर व्हता तवा माणसं तरी दिसत व्हती वं."

मी पाणी आणायला उठले. त्यांच्या औषधाची वेळ झाली होती.