दर दहा मिनिटांनी बंद

आमच्या उमरोळीत टीव्ही दुरुस्त करणाऱ्याचं नाव मला अजून माहीत नाही. तो माणसांशी कमी आणि टीव्हीशी जास्त बोलतो.

दसऱ्यानंतर आमचा टीव्ही दर दहा मिनिटांनी आपोआप बंद पडायला लागला. बोईसरच्या दोन मेकॅनिकांनी बोर्ड गेला म्हणून हात झटकले, तेव्हा आईनं याला बोलावलं.

ताप बघावा तसा त्यानं टीव्हीच्या पाठीवर हात ठेवला. "काय रे, कुठं दुखतं?" मग झाकण काढून फक्त चालू-बंदच्या बटणाची वायर सोडवली, रिमोटनं टीव्ही लावला आणि चहा मागितला. चहा संपला, आईची मालिका संपली, बातम्या लागल्या, तरी टीव्ही चालूच. तो मिशीत हसत होता.

"बोर्डाला काय नाय झालं. बटण आत अडकतं," म्हणत त्यानं बटणाच्या फटीतून वाळलेलं हळदकुंकू खरवडून काढलं आणि वायर परत जोडली. दसऱ्याला टीव्हीची पूजा आईनंच केली होती. ती ओशाळली.

त्यानं आपला स्क्रू ड्रायव्हर तिच्यापुढं धरला. त्यावरही दसऱ्याचं कुंकू होतं.

"आमी पण लावतो, काकी. पण मुठीला."