कांडी पांढरीफक, तरी फिल्टरला कुलूप

मशीन माझं, पाणी माझं, अन् ते कधी द्यायचं हे ठरवणार कंपनी! आज सकाळपासून आमचं पाण्याचं फिल्टर लाल लाइट लावून बसलंय. एक थेंब सोडंना.

जिथून घेतलं त्या दुकानात फोन केला. तिथला माणूस म्हणतो, "मावशी, आतल्या कांडीची मुदत संपली. मशीन आपोआप लॉक होतं."

म्हणलं, "अरे, टाकीत पाणी घेतानाच फडक्यातून गाळून घेते मी. आत्ता खोलून बघितली, कांडी पांढरीफक हाय."

"मशीन घाण बघत नाय मावशी, दिवस मोजतं."

"मग बाजारातली दुसरी बसवते."

"नाय चालणार. मशीन आमचीच कांडी ओळखतं."

"कांडी बसवायचीय का सोयरीक जुळवायचीय?"

हसला मेला. मग हळूच म्हणतो, त्यांची कांडी सध्या शिल्लकच नाय, कधी येईल माहीत नाय.

आता काय करू? नळाला रोज पाणी कुठंय, बोअरवरच भागवायचं. ते लई खारं, उकळलं तरी खारंच. विकतचा जार कुठं भरला, कोण सांगणार? शनिवारी माझी लेक तान्ह्या बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी येतीय. बाळंतिणीला काय पाजू?

बायांनो, कुणी असं लॉक खोलून घेतलं असंल तर लिहा.

अन् दुकानवाले भाऊ, तुम्ही पण ह्याच ग्रुपात आहात, रोज ऑफरी टाकता. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत इथंच, सगळ्यांसमोर लिहा. कांडी देता का लॉक खोलता?