चोर्ल्याच्या उतारावर

समोरून घाट चढून आलेली गाडी दिसली, की अण्णा आपली गाडी कडेला घ्यायचे, खिडकीतून हात काढून तळवा आडवा हलवायचे आणि समोरच्या ड्रायव्हरला विचारायचे, "घाट काय म्हणतोय?"

समोरचा कानडी असला तर कानडीत, गोव्याचा असला तर तोडक्यामोडक्या कोकणीत. उत्तर मिळालं, की मान डोलवायची आणि मग पहिला गिअर. मागं पेशंट असो, नसो, हे चुकायचं नाही. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, घाटाची तब्येत सोयऱ्याधायऱ्यांसारखी विचारणारी.

बेळगावातल्या एका हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स ते चालवायचे आणि मी त्या गाडीवरची नर्स. चोर्ला घाटाखालून, गोव्याच्या बाजूच्या साखळी-दोडामार्गाकडून, पेशंट वर आणायचे आणि बरे झाले की खाली सोडायचे, हे आमचं काम. ते बेळगावजवळच्या कंग्राळीचे, मी निपाणीची. मी त्यांना अण्णा म्हणायची, ते मला सिस्टर. पंचवीस वर्षं त्यांनी गाडी चालवली, त्यातली नऊ मी त्यांच्या मागं बसून काढली.

मागं बसून म्हणते, पण खरं तर झोपून. खाली जाताना बहुतेक वेळा गाडी रिकामी असायची. ड्यूटीवरून ड्यूटी केलेली असायची, अंगात त्राण नसायचं. वाटेतली जांबोटी गेली, की मी पेशंटच्याच स्ट्रेचरवर आडवी व्हायची. अण्णा आरशातून बघायचे आणि म्हणायचे, "झोपा सिस्टर, पेशंट मिळस्तवर तुमीच पेशंट." येताना खरा पेशंट असायचा, तेव्हा नजर सलाइनवर आणि त्याच्या तोंडावर. खिडक्यांना पांढरा कागद चिकटवलेला. इतक्या वेळा घाट उतरले-चढले, पण घाट मला फक्त पोटातल्या कालवाकालवीनं माहीत.

बाकी घाटांचं मात्र त्यांच्याकडून भरपूर ऐकलं. आंबोली म्हणे सभ्य, "पाव्हण्यागत वागतोय." तिलारीचं नाव काढलं की कानाला हात, "त्यो अंगावरच येतोय." निपाणीहून राधानगरीकडनं उतरणारा फोंडा घाट लांबलचक, "बोलत सुटला की थांबतच न्हाय, तुमच्या निपाणीच्या माणसांगत." मी म्हणायची, "आणि चोर्ला?" तर थोडं थांबून, "चोर्ला घरचा हाय."

उतार लागायच्या आधी माथ्यावर एका झाडाखाली शेंदूर फासलेला दगड आहे. तिथं गाडी थांबवून, शेजारच्या झुडपाची एक डहाळी मोडून त्या दगडावर ठेवायची, हा त्यांचा नेम. घाट उतरणारी जुनी माणसं करायचीच असं. मी बौद्धाघरची. आईनं विड्या वळून शिकवलं आणि देवाबिवाच्या नादाला लागू नको म्हणून बजावलं. मी गाडीतच बसायची. अण्णांनी कधी आग्रह केला नाही. "तुमी येऊ नगासा, मी दोघांचं करून येतो," म्हणायचे. मी म्हणायची, "माझ्या वाटणीचं तुमच्या ब्रेकला वाहा." ते हसायचे.

त्या दिवशी माथ्यावर धुकं होतं. दुपारची वेळ, धुकं फार दाट नव्हतं, चार पावलांवरचं पुसट का होईना दिसत होतं. गाडी थांबल्यावर मला जाग आली. मान अवघडली होती म्हणून खाली उतरले. अण्णा डहाळी घेऊन चालत गेले, वाकले, डहाळी ठेवली, चप्पल काढून हात जोडले. मी मागून बघत होते. त्यांनी हात जोडले होते ते किलोमीटरच्या दगडाला. पिवळ्या डोक्याचा, अंतर लिहिलेला, सरकारी दगड. देव चार पावलं पलीकडं झाडाखाली तसाच.

मला हसू फुटलं. "अण्णा, सरकारला कधीपासून भजायला लागला?"

ते वळले. हसले नाहीत. पुन्हा दगडाकडं वाकले, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, अक्षरं चाचपली. मग डहाळी उचलून चार पावलं पलीकडं नेली आणि नीट ठेवली. माझं हसू तिथंच गेलं. नर्स आहे मी. दोन हातांवरचं दिसत नाही आणि माणूस हातानं बघतो, याचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"झालं की वरीसभर." मग गाडीकडं चालत, माझ्याकडं न बघता, "घाट पाठ हाय मला सिस्टर. कुठं खड्डा, कुठं कठडा, समदं. डोळं कशाला लागत्यात?"

"तपासून घ्या. आपल्याच हॉस्पिटलात आहेत डोळ्यांचे डॉक्टर."

"तपासलं की गाडी जाणार." स्टिअरिंगवर हात ठेवून ते बसले. "गाडी गेली की मी काय करू? तुमीच सांगा."

मी काही सांगितलं नाही. कुणालाच. तीन आठवडे गप्प बसले. का बसले, ते आजही मला नीट सांगता येत नाही. त्यांची कीव आली म्हणावं, तर मागं आडवा पडलेला पेशंटही माझाच होता. खरं सांगायचं तर मी थकले होते. ही गोष्ट अंगावर घ्यायची ताकद नव्हती. फक्त झोपायचं बंद केलं. उतारभर पुढच्या काचेवर डोळे लावून मागून ओरडायची, "अण्णा, समोरून ट्रक." ते म्हणायचे, "ऐकलाय मी त्यो."

मग साखळीकडची एक बाई आणत होतो. आठवा महिना, रक्तदाब वर चढलेला. सकाळी आम्ही उतरून गेल्यावर घाटात एका वळणावर दरड आली होती. मातीचा ढीग आणि त्याच्यापुढं रिकामी पिंपं लावलेली. अण्णांच्या पाठ केलेल्या घाटात हा ढीग नव्हता. पहिलं पिंप उडालं, दुसरं चाकाखाली आलं, गाडी ढिगाला टेकून थांबली. मी बाईच्या पोटावर दोन्ही हात आडवे धरून तिच्यावर ओणवी होते. तिला काही झालं नाही, मूलही नंतर धडधाकट जन्मलं. पण बाईनं माझा हात धरून विचारलं, "काय झालं गे?" आणि मी म्हटलं, "काही नाही, खड्डा होता." ते खोटं बोलताना मला माझीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. तीन आठवड्यांचं माझं गप्प बसणंही सांगितलं. मला समज मिळाली. अण्णांची तपासणी झाली. काचबिंदू, पुढं गेलेला. गेलेली नजर परत यायची नाही, राहिली आहे ती टिकवायची, एवढंच. गाडीची किल्ली त्यांनी स्वतः नेऊन टेबलावर ठेवली. त्यांना कपड्यांच्या कोठीत बसवलं, चादरी मोजून द्यायला.

मी चादरी आणायला गेले, तर म्हणाले, "किती पायजेत मॅडम?"

नऊ वर्षं सिस्टर म्हटलेला माणूस. मी म्हटलं, "अण्णा, मी दुसरं काय करणार होते?" ते चादरीच्या घड्या चाचपत राहिले. "मी काय म्हटलोय का तुमास्नी? किती पायजेत त्येवडं सांगा."

चुकीचं केलं नव्हतं मी. आजही तसंच वाटतं. पण कोठीकडं जायचं मी टाळायची. चादरी आणायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवायची.

वर्षभरानं त्यांनी काम सोडलं. बायको आधीच गेली होती, मुलगी साखळीला दिलेली. तिनं बोलावून घेतलं. त्याच दिवशी आमची गाडी खाली पेशंट आणायला निघाली होती. मोठे डॉक्टर म्हणाले, यातूनच सोडा त्यांना. एक पेटी, एक पिशवी घेऊन ते पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. मी मागचं दार उघडलं, तर आवाज आला, "मागं नगं मॅडम. हितं पुढं बसा. जागा हाय."

मी पुढं बसले. जांबोटी, कणकुंबी गेली. मला माफी मागायची होती, आणि कशाची मागायची तेच कळत नव्हतं. उतार सुरू झाला. आकाश स्वच्छ होतं. पहिलं वळण गेलं आणि अण्णांनी काचेकडं हात केला.

"आता दरी लागली असंल. काय दिसतंय?"

"तुम्हाला माहीत नाही होय?"

"मी कवा बघितली? ड्रायव्हरानं दरीकडं बघितलं की दरीतच." मग हळूच, "रस्ताच बघितला सारा जलम. सांगा की. तुमची नजर बरी हाय."

त्यात टोमणा होता का, मला कळलं नाही. असला तरी माझ्या वाट्याचाच होता. मी काचेबाहेर बघितलं. इतक्या वर्षांत दरीकडं पहिल्यांदा. खाली दाट हिरवं रान होतं, मधेच एका कड्यावरून पाण्याची बारीक धार पडत होती. खूप खाली सपाटी, पोफळीच्या बागा, लाल कौलं, त्यांच्यापलीकडं चमकणारं काहीतरी, नदी असावी. दिसेल तसं मी सांगत गेले. त्या लाल कौलांतच कुठंतरी मुलीचं घर असेल, असंही म्हटलं. ते मान वाकडी करून ऐकत होते.

सांगता सांगता माझी नजर खाली गेली. नवा ड्रायव्हर वळण घेत होता आणि अण्णांचा उजवा पाय पायाखालचा पत्रा दाबत होता. वळण संपलं, पाय सुटला. पुढचं वळण आलं, पाय पुन्हा दाबला गेला, अगदी वेळेवर, ड्रायव्हरच्या थोडा आधीच. मी सांगायचं विसरून त्या पायाकडंच बघत राहिले.

"थांबलासा का?" ते म्हणाले. "बोलत ऱ्हावा. अजून उतार हाय."