पिसांची स्लीपिंग बॅग

अमेरिकेत मॉरिसव्हिलला आमच्या शेजारी राहणारे काका दर ऑक्टोबरात एका अमेरिकन मित्राबरोबर डोंगरात शिकारीला जायचे. बंदूक त्यांनी कधी हातात धरली नाही. मित्र हरणामागे फिरायचा आणि काका तंबूपाशी बसून पोहे करायचे. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, म्हणून ते मला स्कॉलर म्हणतात.

यंदा मित्र आजारी पडला, तरी जायचंच असं दोघांनी ठरवलं होतं. "त्याला आता थंडी फार वाजते," असं म्हणत काका मला त्याच्यासाठी स्लीपिंग बॅग घ्यायला दुकानात घेऊन गेले, कारण माझी उंची त्या मित्राएवढी आहे. मी फरशीवर एकेका बॅगेत शिरत होतो आणि काका गुडघ्यांवर बसून चेन माझ्या हनुवटीपर्यंत ओढत होते.

"पायाशी गार लागतंय का? खरं सांग स्कॉलर, भिडेखातर नाही म्हणू नको."

शेवटी त्यांनी बदकाच्या पिसांची, सगळ्यात जाड बॅग घेतली आणि घरी कपाटात सैल टांगून ठेवली. "पिसं दाबून ठेवली की मरतात यार. मग ऊब राहत नाही."

सप्टेंबरमध्येच मित्र वारला.

मी काकांना भेटायला गेलो. काका ती बॅग गुडघ्याखाली दाबून तिच्या छोट्या पिशवीत कोंबत होते.

"काका, ती दाबायची नसते ना?" मी हळूच विचारलं.

"आता चालेल," ते म्हणाले.

मी पिशवीचं तोंड धरलं आणि त्यांनी दोरी आवळली.