फणसाखाली गेलेला पाचवा भाग

शनिवार, १० मे १९८६. संध्याकाळची जपमाळ, म्हणजे आमचा तेर्स, आटोपल्यावर.

हजर: मी, माझे यजमान बस्त्याव, मोठे दीर इनासबाब, नणंद मारीबाय, सासूबाई म्हणजे मांय, आणि पंधरा वर्षांची आमची मुलगी लिझा.

गैरहजर: पुस्तकाचा पाचवा भाग.

आमच्या घरात पुस्तकावर कधी सभा भरली नव्हती. भरली ती लिझामुळे. आमच्या चर्चच्या, म्हणजे पॅरिशच्या, तरुण मंडळात दर रविवारी एक जण अर्धा तास बोलतो. उद्याचा अर्धा तास लिझाचा होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती कुठल्या गोष्टीसाठी एवढी हटून बसली होती. तिला मराठीच्या सरांकडून आणलेल्या कादंबरीवर बोलायचं होतं. ही कादंबरी पुढच्या काळातल्या एका शहराची. तिथलं सरकार मेलेल्या माणसांची नावं घ्यायला बंदी करतं, दफनभूमीवर नांगर फिरवतं आणि घराघरांत हेर बसवतं. पुठ्ठ्यावर तोंड नसलेल्या मुलीचं चित्र! ते पाहून चार आयांनी फादरांकडे तक्रार नेली. असलं वाचून मुलांची श्रद्धा उडेल, झोप तर नक्कीच उडेल!

फादर शांत माणूस. मला म्हणाले, "तुम्ही मंडळाच्या सेक्रेटरी. घरच्या मोठ्यांनी वाचा आणि रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर मला सांगा. तुम्ही नको म्हणालात, तर लिझा बोलणार नाही."

हातात चार दिवस. पुस्तक जाडजूड. एकाचं वाचून झाल्यावर दुसऱ्याने, असं करत बसलो तर नाताळ उजाडला असता! मला कामाची विभागणी उत्तम जमते (असं मी तरी समजते). तेर्स आम्ही कसा म्हणतो? जपमाळेचे पाच भाग पाच जणांत वाटतो. पहिला भाग मी सांगते, शेवटचा मांय. कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही, आणि भाताला कढ येईपर्यंत तेर्स पुरा! मग पुस्तकालाच वेगळा नियम कशाला? मी ब्लेड घेऊन शिवण उसवली, नीट पाच भाग केले आणि ज्याचा त्याला दिला. नंतर पुन्हा शिवून सरांना परत करायचं, आणि सरांना कळणारसुद्धा नाही!

लिझाने ते पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "मम्मी, ती गोष्ट आसा गो! तेर्स नाय!"

"तू गप रव," मी म्हटलं.

तर शनिवारी एकेकाने अहवाल दिला. पहिला माझा. माझ्या वाट्याला दफनभूमीवरचा नांगर आला होता. वाचताना मला सासऱ्यांच्या थडग्यावरचा क्रूस दिसत राहिला आणि दोन दिवस जेवण गेलं नाही. माझं मत, साफ नको.

बस्त्यावचं मत माझ्यापेक्षा कडक. लिझाकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्येच्यात बापूस आपल्याच चेडवाची चुगली करता! ह्यां वाचून उद्या आमचां चेडू माका जेवूक तरी वाढीत?"

मारीबायने मात्र डोळे पुसले. "खयचो बापूस? माज्या भागात बापूस नायच! ती पोरगी बारक्या पोरांका मेलेल्यांची नावां शिकयता गो. माका रडूक इला. ह्येच्यापेक्षा पवित्र काय आसतला?"

"पवित्र?" इनासबाब उसळले. "माज्या भागात ती एका झिलग्याबरोबर होडयेत बसान पळता! दोगांच! लग्नाआदी!" मग जरा थांबून म्हणाले, "आनि भरतीच्या तोंडाक व्हल्ली मारतत. बुडाक नाय कशी, ह्यां माका कळाक नाय." (इनासबाबांचं आयुष्य समुद्रावर गेलं. पापापेक्षा चुकीचं वल्हवणं त्यांना जास्त लागलं होतं.)

चौघांनी चार वेगळी पुस्तकं वाचली होती. लिझा भिंतीला टेकून हसत होती.

"मिस्सात बायबलातलां सात डोक्यांच्या पशूचां वाचतत, आगीच्या तळ्याचां वाचतत," ती म्हणाली. "तां ऐकान माजी श्रद्धा उडाली काय? शेवट बरो आसा म्हणान आपण ऐकतो. मगे ह्येचो शेवट तरी बघा!"

मुद्दा बिनतोड होता. सगळ्यांनी मांयकडे पाहिलं. शेवट मांयच्या वाट्याचा.

"मांय, तुमचो भाग खंय?" मी विचारलं.

"तेचां मी केलंय सगळां," मांय शांतपणे म्हणाल्या.

"वाचलास?"

"वाचूक कित्याक होयो? वरच्याच ओळीत 'प्रभू, आमच्या मेलेल्यांना विसरू नकोस' असा होता. पुठ्ठो नाय, शिवण नाय. फाटक्या प्रार्थनेच्या पुस्तकाचां काय करतत, तां माका म्हायत नाय? फणसाच्या मुळात पुरलंय. वर 'आमच्या बापा' पण म्हटलंय!"

चूक त्यांची नव्हती. तुटलेली जपमाळ, जुनं प्रार्थनेचं पुस्तक कचऱ्यात टाकायचं नसतं, पुरायचं असतं, आणि आमच्या घरात ते काम मांयचंच. त्यांच्या हातात सुटी पानं मीच ठेवली होती.

बस्त्यावने फणसाखाली उकरायला पिकाव काढला. मांय आडव्या आल्या, "पुरलेला उकरूचा नसता रे!" पण तोवर त्याने दोन घाव घातलेही होते. मांयनी जागा मऊ बघून निवडलेली, नेमकी न्हाणीचं पाणी जातं तिथली. हाताला लगदा लागला. कंदिलाजवळ धरला तर त्यावर दोनच शब्द वाचता येत होते: "आणि शेवटी".

"लिझा, शेवट काय गो?" मी विचारलं.

"आदी परवानगी," लिझा म्हणाली.

रविवारी मिस्सानंतर मी फादरांना सगळं क्रमाने सांगितलं. दोन मतं विरुद्ध, एक बाजूने, एक होडीचं वल्हवणं दुरुस्त करण्याच्या अटीवर बाजूने, आणि एक दफनविधी. फादरांनी रुमाल तोंडावर धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाले, "शेवट माहीत नसताना बंदी कशी घालणार? ज्याने पूर्ण वाचलंय त्यानेच बोलावं. बोलू दे तिला. आणि मोठ्यांनी बाहेर थांबावं, हे मंडळ तरुणांचं आहे."

मी सरबताचे पेले मोजायच्या निमित्ताने खिडकीखाली उभी राहिले. मोजून काय, पेले तेवढेच होते! लिझा छान बोलत होती. नांगर आला, बाप आला, नावं आली, होडी आली. ती किनाऱ्याला लागली. मी खिडकीचा गज धरला. "आणि शेवटी..." लिझा म्हणाली, आणि चर्चची दुपारची घंटा सुरू झाली! आमची घंटा समुद्रातल्या होड्यांना ऐकू जावी म्हणून टांगलेली आहे. ती थांबली तेव्हा आत टाळ्या चालल्या होत्या. दोन मुली डोळे पुसत होत्या. आनंदाने की दुःखाने, तेही कळेना.

घरी येताना मी हलकेच विचारलं, "काय झालां गो शेवटाक?"

लिझाने माझ्याकडे नीट पाहिलं. "मम्मी, पहिल्या भागातच तुमचां जेवान सुटलां. शेवट तुमच्या वयाक बरो नाय."

सरांना मी चार भाग शिवून, माफी मागून परत केले. पाचवा भरून द्यायला नवी प्रत कुडाळच्या दुकानदाराकडे मागवली आहे. त्याला तीन वर्षं झाली. दर बाजाराला तो म्हणतो, "येतली." लिझा आता कोल्हापूरला कॉलेजात शिकते. सुट्टीत आली की मी विचारते, आणि ती मांयना विचारून सांगते म्हणते. मांय तर फणसाकडे बोट दाखवतात.

घरातली बाकी सगळी कामं वेळेवर झालेली आहेत. एवढं एक राहिलंय: शेवट वाचणे.