निघताना कुठं विचारायचं नाही

आमचे कापडाचे लूम भंगारात गेले त्या दिवसापासून आमच्या ह्यांनी घरातल्या फरश्या झिजवायला घेतल्या. हॉल, स्वयंपाकघर, गॅलरी, परत हॉल. अहो, बसा की एका जागी! म्हटलं की बसायचे, पण बोटं बसायची नाहीत. जन्मभर लूमवर तुटलेली सुताची तार जोडली, ती गाठ बोटांत मुरलेली. टॉवेलाची दशी दिसली, मार गाठ. माझ्या पदराचं सूतसुद्धा सोडलं नाही. मला भयंकर चीड यायची. मग एकदा चहा पिता पिता म्हणाले, "आता माझा काय उपेग हाय?" मी लेकीला फोन लावला.

लेकीने आम्हाला बळेबळे हिमाचलच्या सहलीला धाडलं. तिथे एक माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून ट्राउट मासा धरत होता. गळाला आमिष नाहीच. पिसाची न् दोऱ्याची खोटी माशी, ती पाण्यावर नाचवायची आणि मासा फसवायचा. बाकीची मंडळी सफरचंदं घ्यायला पांगली, हे तिथेच. त्या माणसाकडून माशी मागून घेतली, उलटीपालटी केली न् ओरडले, "अगं, ही तर आपली गाठ हाय!" लग्नातही इतके हसले नव्हते.

भिवंडीत कुठला आलाय ट्राउट! पण खाडीत जिताडा आहे. त्याच्या नुसत्या नावाने आम्हा आगऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. ह्यांनी रॉड मागवला आणि माश्या बांधायला बसले. सूत आमच्याच लूमच्या उरल्यासुरल्या कोनांवर गुंडाळलेलं, पिसं शेजारच्या खालाच्या कोंबड्याची. "भाईसाब, मुर्गे को गंजा करोगे क्या?" खाला ओरडायची.

आता मासे धरायला निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारायचं नसतं. विचारलंच, तर त्याने परत फिरायचं, घोटभर पाणी पिऊन जरा टेकायचं, मगच निघायचं. सून होऊन आले तेव्हापासून मला हे ठाऊक आहे. पण माझी जीभ! ह्यांनी पायात चप्पल सरकवली की ती सटकलीच: "कुठं चाललात?" झालं! कपाळाला आठ्या, परत खुर्चीत, पाणी. संध्याकाळी रिकामी पिशवी.

"आज कुठं माशी शिंकली?" मी खवचटासारखं विचारायचे.

"तुझ्या तोंडात!"

एका सकाळी म्हटलं, आज तोंड शिवायचं. पदराचा बोळा तोंडात धरून ओट्याशी उभी राहिले. हे गेले. दुपार टळली तरी पत्ता नाही. फोन घरातच टेबलावर. शोधायला निघाले न् उंबऱ्यातच थबकले. मी विचारलंच नव्हतं. आता जायचं कुठं? ते 'काय उपेग हाय' कानात घण घालायला लागलं.

रिक्षा केली. आधी पूर्णा गाव, मग वळ गाव. गोडाऊनमागे गोडाऊन, रस्त्यात कंटेनर आडवे. दिसेल त्या वॉचमनला विचारलं, "भैया, कोई काठीवाला आदमी देखा क्या?" तोंडात देवाला नवस आणि ह्यांना शिव्या, दोन्ही एकदमच. शेवटी एकाने खाडीकडे बोट दाखवलं. त्या बाजूला बघायचीच भीती वाटली मला.

हे चिखलात उभे होते. पँट मांडीपर्यंत भिजलेली.

"लागला होता गं! एवढा!" दोन्ही हात फाकवून म्हणाले. "तोडून गेला. नवी माशी बांधत बसलो, येळच कळला न्हाय."

"चुलीत गेला तुमचा जिताडा! मला वाटलं, तुम्ही..."  तिथेच चिखलात उभी राहून भोकाड पसरलं मी.

ह्यांनी रॉड खाली ठेवला. मग चिखलाच्याच हाताने माझे डोळे पुसले. "येडी का खुळी? जिताडा लागल्याबिगर मी कुठं जातोय?"

दुसऱ्या दिवशी ह्यांनी चप्पल सरकवली. मी दारात जाऊन मोठ्यांदा विचारलं, "कुठं चाललात?"

आठ्या पडल्या. पण परत फिरले, टेकले, पाणी प्यायले. "वळच्या मागं," म्हणाले न् गेले.

जिताडा अजून आलेला नाही. तुझ्या जिभेमुळेच, असं खालाही म्हणते. असेल बाई. पण विचारलं की माणूस परत फिरतो. मी रोज विचारते.