नर्सरीचं कपाट

आज अण्णांना जाऊन वर्ष झालं. माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. जाफराबादला राहायचे. एसटीत मेकॅनिक होते, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू आपल्याला दुरुस्त करता येते असं त्यांचं ठाम मत. रिटायर झाल्यावर तर विचारूच नका.

आईच्या लग्नात तिच्या माहेरून आलेलं एक बुटकं सागवानी कपाट आमच्याकडे होतं. मला ते पुण्याला बाळाच्या खोलीत हवं होतं. झबली, दुपटी ठेवायला.

पण तीन महिने झाल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलेलं. शिवाय वडिलांना ही बातमी कोणत्या तोंडाने सांगायची? म्हणून मी फोनवर आडून सुचवलं.

"अण्णा, ते कपाट पॉलिश करून ठेवा ना. आम्ही घरात नर्सरी करून राह्यलो."

"कर की. सकाळचं ऊन येतं का तिथं?"

"येतं."

"मंग बराबर हाय."

मला वाटलं, बाळाला कोवळं ऊन लागतं म्हणून विचारतायत. कळलं त्यांना. फोन ठेवून मी रडलेसुद्धा.

महिन्याभराने गावी गेले तर कपाट हिरवंगार. ऑइलपेंट. आतल्या फळ्यांना भोकं. तळाला डांबर.

"अण्णा, हे काय आहे?"

"कुंड्यातलं पाणी खाली जायला नको का?"

मी कपाळावर हात मारून घेतला. हा माणूस रोपांची नर्सरी समजून बसला होता.

"अण्णा, नर्सरी म्हणजे बाळाची खोली."

"कोणाचं बाळ?"

आई स्वयंपाकघरातून धावत आली.

अण्णा माझ्यावरच ओरडले, "सरळ मराठीत सांगता येत न्हाई का तुला?"

आणि त्याच दुपारी पॉलिशपेपर घेऊन बसले.

सुताराला द्या म्हटलं, नाही. रेडिमेड घेऊ म्हटलं, बिलकुल नाही. रंग खरवडायचे, घासायचे, मग लाकडावरून कापसाचा बोळा फिरवायचे. एक तंतू अडकला तरी पुन्हा घासणं सुरू. बाळाचा हात लागणार म्हणे.

दम लागायचा. डॉक्टर म्हणाले धुळीत बसू नका, तर हे तोंडाला रुमाल बांधून बसायचे.

"अण्णा, बस करा आता."

"बाळ यायच्या आत होतं बघ."

नाही झालं.

मला आठवा महिना होता. हार्ट अटॅक. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. मला शेवटचं बघायलाही येऊ दिलं नाही. पोटुशीने बघायचं नसतं म्हणे.

कपाटाचं एक दार अंगणात तसंच पडलं होतं, अर्धं हिरवं, अर्धं सागवानी. आईने ते तसंच बसवून कपाट पुण्याला पाठवून दिलं.

मुलगी झाली.

या आठवड्यात ती कपाटाला धरून पहिल्यांदा उभी राहिली. दारावर थापा मारत काहीतरी बडबडत होती. आमच्याकडे आलेली आई म्हणाली, "अण्णा म्हणून राह्यली बघ."

तसलं काही ती म्हणत नव्हती. आईला सगळीकडे तेच ऐकू येतं.

पण थोड्या दिवसांत खरंच म्हणेल. मीच शिकवणार आहे. मग तिने हाक मारली की ओ कोण देणार, अण्णा?

एवढं तरी थांबायचं होतं.

आम्हा तिघींचा तुम्हाला नमस्कार.